टाचण्यांच्या रेषेवर

११ फेब्रुवारी

काल सकाळी मी चिंध्यांची तीन पोती कचरागाडीत चढवली आणि लगेच तीच पोती स्वतःच्या हाताने परत उतरवून घेतली. गाडीवाला चिडला, मागच्या सायकलवाल्याने घंटी वाजवून कान किटवले, पण करणार काय. लेक दात घासता घासता तशीच खाली धावत आली होती. एक हात गाडीच्या फळीवर, तोंडात फेस. बोलता येईना म्हणून मानेनेच नाही नाही करत होती. शेवटी कडेला थुंकली आणि म्हणाली, "बाबा, हे कापड आहे. कचरा नाही."

मी गणवेश शिवणारा शिंपी. खाली दुकान, वर घर. चिंध्यांचं मला आजवर काही वाटलं नव्हतं. कापड कापलं की चिंधी पडणारच, लाकूड तासलं की भुसा पडतो तसं.

गुबी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय पर्यावरण. लहानपणी गालांनी इतकी भरलेली होती की घरात, दुकानात, गल्लीत सगळ्यांनी तिला गुबी केलं. खऱ्या नावाने तिला फक्त हजेरीतच हाक मारत असतील. या सत्रात त्यांच्या बाईंनी प्रत्येकाला सांगितलं आहे की होईल तितक्या कमी वस्तूंवर जगून बघा आणि काय जमलं ते शेवटी प्रदर्शनात मांडा. तिने सगळ्या घराला कामाला लावलं आहे. मला म्हणाली, रोज काय टाकलं ते लिहीत जा. मी गावच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलो. तिथले गुरुजी रोज एक पान लिहायला लावायचे, ते आठवलं. म्हणून ही वही.

आज टाकलं काय, तर काही नाही. पोती कपाटाला टेकून उभी आहेत, आणि काज-बटणं करणारे मामा जिथे पाय पसरायचे तिथे आता पाय पसरता येत नाहीत. मामा म्हणाले, "पोरगी जग वाचवतेय, त्यात एखादा म्हातारा चेंगरला तर चालायचंच."

१३ फेब्रुवारी

कागदी कप बंद. मामांना चहासाठी काचेचा पेला आणून दिला; धुवायचा त्यांनीच. लेकीने बस सोडली, कॉलेजला चालत जाते. आंघोळीला अर्धी बादली. संध्याकाळी मी दिवा लावून देवापुढे बसलो तेव्हा शेजारी येऊन बसली, बऱ्याच दिवसांनी. मी म्हणालो, ज्याला कमी लागतं तो देवाला जवळचा, असं माझे वडील म्हणायचे. तिने ते मला परत म्हणायला लावलं. आपलं बोलणं मुलांना ऐकावंसं वाटतं, हे सुख थोडं नाही.

२१ फेब्रुवारी

नवीन कपडे घेणार नाही, असं तिने जाहीर केलं. आहेत तेच दुरुस्त करून वापरणार. तिचा निळा शर्ट घेऊन खाली आली. दोन्ही बाजूंना टाचण्या लावलेल्या होत्या, सरळ, एकसारख्या अंतराने. म्हणाली, ढगळ झालाय, इथून टीप मारून द्या. मी म्हणालो, घालून दाखव, बघू दे. तर म्हणे कशाला, मी आरशासमोर टाचलंय, शिंप्याची मुलगी आहे.

हे मला आवडलं. मामांना टाचण्या दाखवल्या. मामा म्हणाले, हिला मशीनवर बसवा, आपण दोघं देवाचं नाव घ्यायला मोकळे. टाचण्यांच्या रेषेवर टीप मारली. दोन बोटं कापड आत गेलं. धुऊन धुऊन कापड सैल पडतं, विशेषतः हे सुती.

जाताना दारात थांबून म्हणाली, "बाबा, मला गुबी म्हणू नका यापुढे." मी म्हणालो बरं. मामांनी लगेच विचारलं की मग काय म्हणायचं, मॅडम? ती हसली नाही. मोठी झाली आता. लाज वाटत असेल चारचौघांत.

२ मार्च

घरात फ्रिजवरून खडाजंगी.

फ्रिज सगळ्यांत जास्त वीज खातो, सबब तो बंद करायचा, असं लेकीचं म्हणणं. हिचं, म्हणजे तिच्या आईचं म्हणणं, मी पहाटे उठून बेकरीत जाते, दुपारी येते, रोज दोन वेळा ताजं शिजवायला मला चार हात नाहीत. लेक म्हणाली, माझ्यासाठी शिजवूच नकोस, मी उरलेलं खात जाईन, म्हणजे वायाही जाणार नाही. ही म्हणाली, "उरलेलं खायला तू या घरची लेक आहेस की पाहुण्यांची मांजर?"

मी मध्ये पडलो. लेकीची बाजू घेतली, खोटं कशाला सांगू. गावाकडे आमच्या घरात फ्रिज नव्हता, आणि आम्ही काही मेलो नाही. शिवाय एवढ्या वयात एवढा संयम. बाकीच्यांच्या पोरी बघतो ना मी दुकानात, एकाच समारंभासाठी तीन-तीन जोड शिवायला टाकतात. ही माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "तुम्हाला ती जप करणारी दिसते. मला ती वाळलेली दिसते." बायकांना मुलं नेहमीच वाळलेली दिसतात. माझ्या आईला मी पन्नाशीला येईपर्यंत तसाच दिसत होतो.

फ्रिज बंद केला. दूधही बंद, लेकीचं.

९ मार्च

आठवड्यातून एक दिवस मी उपवास करतो, वडिलांपासूनची सवय. आज लेक म्हणाली, मीही करते तुमच्याबरोबर. संध्याकाळी दोघं पाणी पिऊन देवापुढे बसलो. तिचे हात गार होते. काहीतरी वाचून दाखव म्हटलं तर दोन ओळी वाचून थांबली, म्हणाली अक्षरं हलतात, दिवा हलतोय. वारा नव्हता. मी काच लावली दिव्याला.

हिने एकटीने जेवून घेतलं. ताटात चमचा जरा जोरानेच वाजत होता.

१० मार्च

लेकीने आजही उपवास केला. मी विचारलं, तर म्हणे, जमतंय तर करते.

२३ मार्च

आनंदाचा दिवस. चिंध्यांच्या पिशव्या!

गेले पंधरा दिवस ती जुन्या मशीनवर बसून चिंध्या जोडत होती. खाकीला निळी, निळीला चौकटीची. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या बाईने आज सगळ्या ठेवून घेतल्या. गिऱ्हाइकाला पिशवी द्यायची, परत आणली की धुऊन पुन्हा द्यायची, असा बेत. भाजीवाली मला म्हणाली, तुमच्या पोरीनं माझं प्लॅस्टिक बंद केलं, आता शाळेच्या पोरांच्या ढोपरांत बटाटे घालून विकते. मी रस्त्यात उभा राहून बघितलं, दोन बाया माझ्याच कापडाच्या पिशव्या घेऊन गेल्या. एवढी वर्षं जे मी टाकत आलो ते कुणाच्या तरी हाताला लटकून घरी चाललं होतं. डोळे भरून आले. लेकीला सांगितलं तर म्हणाली, अजून खूप करायचंय. तिला कशाने समाधान होत नाही. चांगल्या कामाची अशीच तहान असते म्हणतात.

निळा शर्ट परत आला आहे, पुन्हा टाचण्या लावून. या खेपेला कापड आत घेतलं तर शिवणीशी जाड गोळा झाला. शिवणीच्या आतल्या जादा कापडाला आम्ही माया म्हणतो. ती कधी कापायची नसते, पुढेमागे कपडा सोडावा लागला तर तीच कामाला येते. माझ्या वस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. लेक म्हणाली, कापून टाका बाबा, टोचते. पट्ट्या माझ्या पिशव्यांच्या बंदांना येतील. मी थोडा वेळ कात्री धरून बसलो. मग कापली. दोन चांगले लांब बंद निघाले.

मामा बघत होते. पेला धुवायला उठले.

४ एप्रिल

लेकीच्या बाई दुकानात आल्या. त्यांच्या मुलाच्या गणवेशाचं माप द्यायचं निमित्त. खरं बोलणं लेकीचं. सगळ्या वर्गात तिचं काम उजवं आहे म्हणाल्या. प्रदर्शनात मधल्या टेबलावर तिच्या पिशव्या ठेवणार. मी चहा मागवला, काचेच्या पेल्यात.

मग बाई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, ती डबा उघडते आणि वाटून टाकते, तुम्हाला माहीत आहे का? मी म्हणालो, लहानपणापासून तशीच आहे, हातचं राखून ठेवत नाही. बाई म्हणाल्या, "नाही, मला म्हणायचं होतं की सगळाच वाटते." मी म्हणालो, घरी येऊन जेवते ती. बाईंनी मान हलवली. इतक्या उन्हाचं ती वर्गात स्वेटर घालून बसते, तेही म्हणाल्या. अशक्त असेल, अभ्यासाची जागरणं.

बाई गेल्यावर मनात आलं, घरी येऊन जेवते म्हणजे कधी? हिला सांगते कॉलेजात खाल्लं. मला सांगते आईबरोबर खाल्लं. उरलेलं खाते म्हणते, पण आमच्याकडे हल्ली उरतं कुठे, फ्रिज बंद झाल्यापासून ही मोजकंच करते. मग ते डोक्यातून काढून टाकलं. देवाने एवढी गुणी पोर दिली आणि मी पोलिसासारखा हिशेब लावत बसलो.

१२ एप्रिल



गणवेशांचा हंगाम सुरू झाला. आज मोठ्या मेजावर शर्टांचं कापड पसरलं होतं आणि वर जाड कागदाचे साचे ठेवून खडूने रेषा मारत होतो. प्रत्येक इयत्तेचा साचा वेगळा, खिळ्याला टांगलेला असतो. सहावीच्या मुलींचा साचा मांडला होता. एवढ्यात लेक निळा शर्ट मेजावर टाकून कॉलेजला गेली. तिसऱ्यांदा टाचण्या. शर्ट पडला तो नेमका साच्यावर. बाजूला करावा म्हणून मी हात लावला, आणि हात तिथेच राहिला.

खांदा मोठा होता, लांबी मोठी होती. पण काखेपासून कमरेपर्यंत टाचण्यांची रेषा आणि कागदाची कड एकावर एक बसली होती. कुठे दोराभर कागद बाहेर नाही. मी शर्ट उचलला, झटकला, सरळ करून पुन्हा ठेवला. परत तेच. माझी लेक वीस वर्षांची आहे. सहावीची मुलगी अकराची असते.

कापड धुऊन सैल पडतं, असं मी लिहिलं आहे मागे. आत्ता वाचलं. एवढं कुठलं कापड सैल पडतं? हा माझा धंदा आहे. परका माणूस नुसता दारातून आत आला तरी त्याची छाती किती, कंबर किती, मला टेप न लावता कळतं. मामा पैज लावतात त्यावर. आणि स्वतःच्या पोरीच्या अंगावरचं मांस मी टाचण्या बघून बघून आत घेत गेलो, वर माया कापून टाकली.

मामा म्हणाले, काय झालं? मी म्हणालो, सुई टोचली. मामा म्हणाले, शिंप्याला?

१३ एप्रिल

बोललो तिच्याशी. ही बेकरीत होती. मी शर्ट पुढे ठेवला आणि म्हणालो, हा मी शिवणार नाही. आधी डॉक्टरांकडे चल.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. शांतपणे खाली बसली, गुडघे पोटाशी घेऊन, आणि समजावून सांगू लागली, जसं मीच लहान आहे. पंधरा दिवसांत परीक्षा, मग प्रदर्शन. सध्या थोडं कमी खाते एवढंच. आता तिला डॉक्टरकडे नेलं तर आई कॉलेज सोडायला लावेल, बाईंना वाटेल हे त्यांच्या प्रकल्पाने झालं, सगळे म्हणतील पर्यावरणवाली पोर येडी झाली, आणि पिशव्यांचं कुणी नाव घेणार नाही. मग म्हणाली, "बाबा, या घरात मला फक्त तुम्ही समजून घेता."

मी शर्टाची घडी घालत राहिलो.

"सगळं संपलं की मी स्वतः येईन तुमच्याबरोबर. तोवर कुणाला सांगू नका. आईलाही नाही. देवासमोर शब्द द्या."

दिला. दिव्यावर हात धरून दिला. ती उठून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. वजनच नव्हतं डोक्याला.

१६ एप्रिल

बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जायचं ते कळत नाही. आज एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मामांनी उसवल्या आणि म्हणाले, घरात काही असेल तर घरी जा, इथे पोरांना दोन डावे हात फुटायला लागले. माझ्या मनात आलं, यांना सांगावं. पण शब्द दिला आहे.

देवापुढे बसवत नाही. ओठ चालतात, मन जिन्यावर असतं, ती आली का, चढताना थांबली का. आज थांबली. तिसऱ्या पायरीवर बसली आणि चपलेचा पट्टा नीट करू लागली. तिच्या चपलेला पट्टा नाही.

शब्द मोडणं हे पाप, असं मी तिलाच शिकवत आलो. वडिलांनी मला शिकवलं. पण पोर डोळ्यांदेखत झिजत असताना शब्द धरून बसणं, याला काय म्हणतात ते मला कुणी शिकवलं नाही.

१९ एप्रिल

गल्लीतले डॉक्टर पँटीचं ट्रायल द्यायला आले. मी खाली बसून पायांची लांबी टाचत होतो, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून हातात घेतल्या आणि विचारलं, एका ओळखीच्यांच्या मुलीचं विचारायचं होतं. खात नाही म्हणतात. दिसायला हसरी आहे, अभ्यासात पहिली आहे.

डॉक्टर आरशात बघत होते. त्यांनी विचारलं, थंडी वाजते का सारखी? मी हो म्हणालो. केस गळतात? माहीत नाही म्हणालो. चक्कर? वाचताना अक्षरं हलतात म्हणाली होती. पाळी? मी खाली बघितलं. ते मला कसं माहीत असणार. डॉक्टर वळले, एक पाय टाचलेला, एक लोंबता, तसेच माझ्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "हा आजार आहे, मास्तर. हट्ट नाही, व्रत नाही. यात पोरी जातात. त्या ओळखीच्यांना सांगा, मोठ्या दवाखान्यात न्या. मुलगी हो म्हणायची वाट बघू नका, ती म्हणणार नाही."

जाताना पँटीचं काही बोलले नाहीत. कधी देणार तेही विचारलं नाही. त्यांना कळलं, ओळखीचे कोण ते.

२० एप्रिल

आज ही भांडी घासत होती तेव्हा मी आडून आडून विचारलं, लेकीचं सगळं ठीक आहे ना, बायकांचं असतं ते. हिने नळ बंद केला.

"चार महिने झाले," ही म्हणाली. "डिसेंबरपासून पाळी नाही. मोरीच्या जाळीत रोज मूठभर केस. तुम्हाला आज सुचलं विचारायचं?"

डिसेंबर. तेव्हा प्रकल्प नव्हता, पिशव्या नव्हत्या, फ्रिज चालू होता. मी इतके दिवस समजत होतो की ती जगासाठी कमी खाते आहे. कमी खाणं आधी आलं होतं. जग नंतर आलं.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस. ही म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, संयम. ही ओरडली नाही. हात पुसत पुसत म्हणाली की मी तिला एक घास जास्त वाढला तर ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. बेकरीतून गरम पाव आणते, पिशवीत तसाच कडक होतो. दवाखान्याचं काढलं की ती दार लावून घेते. माझं नाही ऐकत, तुमचं ऐकेल, तुम्हाला ती देवमाणूस समजते.

मग मी सांगितलं. म्हणजे सगळं नाही, एवढंच की मी शब्द देऊन बसलो आहे, परीक्षा होईपर्यंत. देवासमोर.

हिने घासलेली भांडी पालथी घातली. मग म्हणाली, "शब्द तुम्ही दिलात. मी नाही दिला. पण उचलून न्यायला मला तुमचे हात लागतील."

२१ एप्रिल

काहीच केलं नाही. दिवसभर शिवलं.

२२ एप्रिल

लेकीने सकाळी विचारलं, तुम्ही माझ्याकडे असं का बघता? मी म्हणालो, कसं. म्हणाली, माप घेतल्यासारखं.

पहिला पेपर परवा. मनात दोन माणसं भांडतात. एक म्हणतो, दोन आठवडेच उरलेत, पोरीचं वर्ष कशाला घालवतोस, आणि तुझ्यावरचा तिचा विश्वास एकदा गेला की परत यायचा नाही. दुसरा काही म्हणत नाही, नुसता जिन्याकडे बघतो. वाद घालणाऱ्याला उत्तर देता येतं. याला काय देऊ?

देवाला विचारलं. देव काही सांगत नाही. कदाचित डॉक्टरांच्या तोंडून सांगून झालं असेल, आणि तोच तोच निरोप परत पाठवायची त्याची पद्धत नसेल.

२४ एप्रिल

दवाखान्यातून लिहितो आहे. बाकावर बसून, वही मांडीवर.

सकाळी ती परीक्षेला निघाली. मी जिन्याच्या तळाशी उभा होतो. वरून एकेक पायरी उतरत आली, कठड्याला धरून, म्हाताऱ्या बाईसारखी. खाली आल्यावर मला बघून ताठ झाली आणि हसली. रात्री ठरवलेलं ते हसणं बघून पक्कं झालं. इतके दिवस मी त्याच हसण्यावर विसंबून होतो.

मी म्हणालो, "आज पेपर नाही. आज दवाखाना."

तिला आधी थट्टा वाटली. मग तोंड पांढरं पडलं. म्हणाली, परवा, बाबा. पेपर झाल्यावर लगेच, आज संध्याकाळी. मी नाही म्हणालो. ही वरून पिशवी घेऊन उतरली. बेकरीत निरोप पाठवला होता, रात्रीच आमचं बोलणं झालं होतं. लेकीने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं. दुकानासमोर शाळेचे शिपाई गणवेशांचे गठ्ठे न्यायला उभे होते. मी मामांना म्हणालो, आज दुकान बंद. मामा म्हणाले, आज का महिनाभर? मी म्हणालो, माहीत नाही. त्यांनी स्वतः शटर ओढलं आणि शिपायांना सांगितलं, पोरं काही उघडी नाहीत, जुने कपडे आहेत त्यांच्याकडे, जा.

मी रिक्षा थांबवली. लेक म्हणाली, चालत जाऊ, एवढ्याशा अंतराला रिक्षा कशाला, धूर. या स्थितीतही. मी म्हणालो, तुझं खरं आहे, पण आज बस. तिने हात सोडवायचा प्रयत्न केला. तिच्या प्रयत्नाने माझं बोटही हललं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. हिने तिला एका बाजूने धरलं, मी एका बाजूने. रस्त्यात लोक थांबून बघत होते. भाजीवाली बाई हातातला तराजू खाली ठेवून उभी राहिली. लेक रिक्षात रडली नाही, मध्ये बसून समोर बघत राहिली.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. हृदयाचे ठोके फार हळू आहेत म्हणाल्या, आणखी थोडे दिवस गेले असते तर एखाद्या सकाळी उठली नसती. तिथल्या तिथे दाखल करून घेतलं. किती दिवस, ते सांगता येत नाही. शरीर आधी, मग मनाच्या डॉक्टर. हिने विचारलं, त्या प्रकल्पाने झालं का हे? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही. तिच्या कामात काही चूक नाही, ते काम चांगलं आहे. आजार वेगळा आहे. त्याला लपायला चांगली जागा हवी होती, ती मिळाली." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, बाप बरा वेळेत आला. मी मान खाली घातली. वेळेत कुठला. मी तर टाचण्यांच्या रेषेवर चालत आलो.

लेकीच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पेपर पुढच्या वर्षी देईल. पिशव्या टेबलावर मी मांडते.

दुपारी ही जरा बाहेर जाऊन बसली. मी आत गेलो. लेकीच्या हाताला नळी लावली होती. हात एवढा बारीक की चिकटपट्टी त्याला वेढा घालून परत स्वतःवरच आली होती. तिने भिंतीकडे तोंड केलं. मी स्टुलावर बसलो. देवाचं नाव घ्यावं म्हटलं, पण आलं नाही, नुसता बसलो. तिकडे कुणाच्या तरी जेवणाची गाडी आली आणि गेली.

बऱ्याच वेळाने ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "तुम्ही देवासमोर शब्द दिला होता, बाबा."

"हो," मी म्हणालो. "मोडला."